झाकली मूठ

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या बोरीसारख्या गावात तर ही म्हण पाळण्यापासूनच कानावर पडते. घरातलं घरात ठेवावं, चारचौघांत बोलू नये. गंमत अशी की गावात झाकलेलं असं काही नसतंच. भावाचा बांध कोणी कोरला, सून माहेरी का बसली, अख्ख्या गल्लीला ठाऊक असतं. फक्त ज्याने केलं तो बोलत नाही आणि बाकीचे त्याच्या तोंडावर बोलत नाहीत. म्हणजे लपलेलं असतं ते पाप नव्हे, लपलेली असते कबुली!

सध्या पंडिता रमाबाईंविषयी वाचतोय आणि हा विचार काही डोक्यातून जात नाही.

रमाबाईंनी १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांवर पुस्तक लिहिलं. त्यात विधवेची स्थिती सांगताना त्यांनी एक गोष्ट नेमकी पकडली आहे. नवरा गेला तर तो बायकोच्या मागल्या जन्मीच्या पापाने गेला, असा समज. आता हे पाप कोणतं? तिला माहीत नाही, सांगणाऱ्यालाही नाही. जे केल्याचं आठवत नाही ते कबूल कसं करायचं? आणि कबुलीच नाही तर सुटका कुठली? नुसती शिक्षा, तीही जन्मभर.

आता दुसरी बाजू बघा. १८६३ साली पुण्यात काशीबाई नावाच्या विधवेला एका शास्त्र्याने नादी लावलं. मूल झालं. बदनामीच्या भीतीने तिने ते मारलं आणि तिला जन्मठेपेवर अंदमानला धाडलं. जोतीराव फुल्यांनी ही हकीकत पुढे १८८४ साली लिहून ठेवली. याच प्रकरणानंतर त्यांनी आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं.

लपवलेल्या पापाचा धोका मला इथे दिसतो. आपण समजतो, लपवलं तर फार तर करणाऱ्याचं मन त्याला खाईल. पण त्याची किंमत बहुतेक वेळा दुसराच मोजतो. बायबलमधल्या दावीद राजाचं तेच झालं. बथशेबेशी केलेला व्यभिचार झाकायला त्याने तिच्या नवऱ्याला, उरीयाला, ऐन लढाईत पुढे करून मारवलं. पहिलं पाप झाकायला दुसरं लागलं आणि ते पहिल्याहून मोठं होतं.

रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला १८८३ साली, इंग्लंडमध्ये. पण १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या स्वच्छ सांगतात की तेव्हा धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. तो मिळायला आणखी सुमारे आठ वर्षं गेली. एवढ्या नावाजलेल्या बाईने हे लिहायचं म्हणजे सोपं नाही. झाकली मूठ तशीच ठेवली असती तर कोण विचारणार होतं?

पुढे दौंडजवळ केडगावला त्यांचं मुक्ती सदन उभं राहिलं. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून वाचवलेल्या शेकडो मुली आणि बालविधवा तिथे होत्या. १९०४-०५ मध्ये वेल्समध्ये मोठं धार्मिक जागरण झालं. त्याची बातमी आल्यावर रमाबाईंनी केडगावात रोजच्या खास प्रार्थना सुरू केल्या. ३० जून १९०५ ला त्या नेहमीच्या शांत पद्धतीने योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत होत्या. एकाएकी मुली मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि बाईंना बोलणं थांबवावं लागलं. पुढे कितीतरी दिवस रडणं, पापांची कबुली आणि मग आनंद, असं चाललं होतं.

कोणी म्हणेल, पोरींनी एकमेकींचं बघून केलं असेल. असेलही थोडं. सगळ्यांसमोर रडण्याचाही देखावा होऊ शकतो. पण ज्यांना जन्मभर 'तू पापी' एवढंच ऐकवलं होतं, त्या पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने सांगत होत्या की मी हे केलं. पाप नशिबातून उतरून हातात आलं. आणि हातातलं खाली ठेवता येतं.

त्या आठव्या अध्यायाची सुरुवात सगळ्यांना माहीत आहे. व्यभिचारात धरलेल्या बाईला येशूपुढे आणून उभं करतात. तिच्याबरोबरचा पुरुष मात्र कुठेच नाही! शास्त्र्याशिवाय काशीबाई, तसंच. येशू दगड घेऊन आलेल्यांनाच त्यांच्या पापाची आठवण देतो आणि ते एकेक करून निघून जातात, आधी वडीलधारे. त्यांना आपलं पाप कळलं होतं, हे नक्की. पण ते तसेच गेले, मूठ झाकून. थांबली ती बाई. तिला क्षमा मिळाली आणि पुन्हा पाप करू नको, हेही ऐकायला मिळालं.

नव्या करारात पश्चात्तापासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ मन पालटणं. नुसतं वाईट वाटणं नव्हे. वाईट तर त्या निघून गेलेल्यांनाही वाटलं असेल. जक्कयाने येशूसमोर उभं राहून सांगितलं की ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करीन. बांध कोरला असेल तर तो पहिल्या जागी नेऊन घालायचा, आणि भावाच्या दारात जाऊन तसं सांगायचं. देवापुढे गुडघे टेकणं त्यामानाने सोपं आहे.