दोन पिवळ्यांचं नाव

पित्ताशय काढल्यावर काही दिवसांनी बायोप्सीचा रिपोर्ट हाती येतो आणि क्वचित त्यात ही मालगाडी उभी असते : झँथोग्रॅन्युलोमॅटस कोलेसिस्टायटिस. डॉक्टरसुद्धा 'एक्सजीसी' म्हणून मोकळे होतात. डबे सुटे केले की नाव तसं सोपं आहे. ग्रीकमध्ये 'झँथोस' म्हणजे पिवळा, 'खोले' म्हणजे पित्त, 'किस्टिस' म्हणजे पिशवी, आणि शेवटचं 'आयटिस' म्हणजे दाह. हे 'खोले' आणि संस्कृतातलं 'हरि' एकाच मुळातून फुटलेले, आणि आपली हळद त्या 'हरि'च्या हरिद्रेपासून आलेली. थोडक्यात, नावात पिवळा दोनदा, आणि त्यातला एक आपल्या मिसळणाच्या डब्याचा दूरचा नातलग.

पिवळेपणा येतो कुठून? पित्ताशयाचं आतलं अस्तर कधीकधी भिंतीत खोल शिरून बारीक कप्पे करतं. व्हिएन्नाच्या रोकितान्स्कीचं आणि जर्मनीच्या अशॉफचं नाव त्यांना लागलंय. खड्यानं वाट अडवली की आत दाब वाढतो, कप्पे फुटतात आणि पित्त भिंतीत झिरपतं. सफाईला आलेल्या पेशी त्यातली चरबी गिळत सुटतात. इतकी, की सूक्ष्मदर्शकाखाली त्या साबणाच्या फेसासारख्या दिसतात. भिंत कापली की त्यांचेच पिवळे पुंजके समोर येतात.

१९७० साली क्रिस्टेन्सन आणि इशाक यांनी पित्ताशयाच्या साध्या आणि 'भासमान' अशा १८० गाठींचा आढावा घेतला, त्यात या दाहाची नोंद झाली. म्हणजे रोगाचा प्रवेशच तोतयांच्या रांगेतून! आजचं नाव १९७६ मध्ये मॅकॉय आणि सहकाऱ्यांनी वापरलं. मध्ये 'सिरॉइड ग्रॅन्युलोमा' असंही एक नाव आलं. ते मागे पडलं, बरं झालं. १९८१ मध्ये गुडमन आणि इशाक यांनी ४० रुग्ण मांडले आणि नाव रुळलं.

तोतयेपण मात्र सुटलं नाही. भिंत जाड, यकृताला आणि आतड्याला घट्ट चिकटलेली, सोबत खडे. स्कॅनवर कॅन्सर वाटावा असंच सगळं. उत्तर भारतात, गंगेच्या खोऱ्यात, पित्ताशयाचा कॅन्सर मुळातच जास्त, त्यामुळे तिथल्या सर्जनची धास्ती अधिक. कधी तुकडा फ्रोझन सेक्शनला, म्हणजे गोठवून झटपट तपासायला, पाठवतात आणि रुग्ण टेबलावर असतानाच उत्तराची वाट बघतात, कारण यकृताचा भागही काढायचा की नाही, हे त्यावर ठरायचं असतं. उघडलेल्या पिशवीत पिवळं दिसलं तरी पॅथॉलॉजिस्ट लगेच हुश्श करत नाही. भिंतीचे आणखी तुकडे घेतो. हा दाह आणि कॅन्सर एकाच पित्ताशयात सापडलेले आहेत.