जाहीर उत्तर आणि खासगी पत्र

इतिहासाचा नाद महाराष्ट्रांत मुख्यत्वेंकरून हौशी मंडळींनीं वाढविला. शिक्षक, वकील, इनामदार अशा लोकांनीं आपापला उद्योग सांभाळून मोडी दप्तरें चाळलीं. इ. स. १९१० सालीं राजवाडे व मेहेंदळे यांनीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें, तेव्हां अशा लोकांस एकत्र बसून वाद करण्याची जागा मिळाली. वाद आला म्हणजे एक जुना प्रश्न उभा राहतो: दुसऱ्याची चूक दिसली तर ती चारचौघांत सांगावी, कीं त्यास एकट्यास कळवावी? याविषयीं कोरडा उपदेश करण्यापेक्षां घडलेलीं तीन उदाहरणें पाहावीं, हें बरें.

पहिलें उदाहरण शिवजन्मतिथीचें. वैशाख शुद्ध २, शके १५४९ ही तिथि बरींच वर्षें रूढ होती. १९०० सालीं टिळकांनीं ‘केसरी’त या तिथीचा ऊहापोह केला. पुढें कारी येथील जेधे घराण्याची शकावली त्यांच्या हातीं आली. ती १९१६ सालीं मंडळामार्फत प्रसिद्ध झाली आणि तींत फाल्गुन वद्य ३, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथि निघाली. १९२७ सालीं छापलेल्या परमानंदाच्या ‘शिवभारता’नें तिला दुजोरा दिला. तरीही शासनानें ती मान्य करण्यास २००१ साल उजाडावें लागलें. आतां जेध्यांचा कागद केवळ एका घरांतून दुसऱ्या घरांत खासगी रीतीनें फिरला असता, तर हजारों वाचक जुन्याच तिथीस चिकटून राहिले असते. चूक जितकी पसरली असेल तितकेंच तिचें उत्तरही पसरलें पाहिजे, हा यांतला धडा होय.

दुसरें उदाहरण याच्या उलट आहे. १८९७ सालीं गोखले वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास विलायतेस गेले होते. पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तासाठीं नेमलेल्या गोऱ्या शिपायांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याचें त्यांना इकडील पत्रांवरून कळलें, आणि तें त्यांनीं तेथें जाहीरपणें सांगितलें. स्वदेशीं परतल्यावर त्यास पुरावा मिळेना. तेव्हां त्यांनीं वृत्तपत्रांतून बिनशर्त क्षमा मागितली. पत्र लिहिणारांचीं नांवें मात्र त्यांनीं उघड केलीं नाहींत. स्वकीयांनींही त्यांची निर्भर्त्सना केली, ती त्यांनीं निमूटपणें सोसली. खासगी पत्रांतली गोष्ट चव्हाट्यावर नेणाऱ्यानें तिची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतलेली असते. लिहिणाऱ्यावर ती ढकलतां येत नाहीं. आणि आरोप जाहीर झाला असेल, तर तो मागें घेणेंही जाहीरच हवें.

तिसरें उदाहरण सरदेसाई व यदुनाथ सरकार यांचें. या दोघांचा पत्रव्यवहार जवळजवळ अर्धें शतक चालला. त्यांत शंका, दुरुस्त्या, स्पष्ट मतभेद सर्व कांहीं आहे. त्याच काळांत सरकारांच्या शिवचरित्रावर पुण्याकडून छापील टीकेचा वर्षाव होत होता. ती टीका सर्वस्वीं अनाठायीं होती असें नव्हे. छापील ग्रंथास छापील उत्तर देणें रास्तच आहे. पण जो मजकूर अजून लेखकाच्या हातांत आहे, त्याची दुरुस्ती पत्रानें केली तर ग्रंथ सुधारतो, आणि स्नेहही टिकतो.

या विचाराचें महत्त्व पुण्यापुरतेंच नाहीं. औंढा नागनाथाच्या शेजारीं आमचें जवळा बाजार. अशा गांवीं एखाद्या वाड्यांत जुनें दप्तर असतें, आणि त्याचा धनी तें दाखवावें कीं न दाखवावें, या विचारांत असतो. त्याच्या कागदाच्या वाचनांतली चूक कुणीं सभेंत हंशा पिकवून सांगितली, तर तो रुमाल पुन्हां बांधला जातो आणि पुढच्या पिढीस त्याची वाळवीच काय ती उरते. तेंच त्यास घरीं जाऊन सांगितलें, तर तो दुसरा रुमाल सोडतो. घराण्याचा कलह, दत्तकाचा तंटा, कर्जाचा कागद यांविषयीं विचारणा तर एकांतींच शोभते.

मात्र सौजन्याच्या नांवाखालीं सत्य दडपून ठेवूं नये. खासगी उत्तरांतून सर्वांच्या उपयोगाचें कांहीं निष्पन्न झालें, तर लिहिणाऱ्याची संमति घेऊन त्याचा सारांश प्रसिद्ध करावा; मूळ प्रश्न ज्यांनीं ऐकला, त्यांचा त्या उत्तरावर हक्क असतो. थोडक्यांत, मताची चर्चा चारचौघांत व्हावी, माणसाची कानउघाडणी एकांतांत व्हावी. एवढा विवेक राखला गेला, तर वाड्यावाड्यांतून अजून बांधून पडलेले रुमाल सुटतील.