क्ष-किरणांचा तराजू

बाब अल बहरीनच्या कमानीतून आत शिरले की जुना बाजार लागतो आणि थोडे पुढे सोन्याची दुकाने. दुकानदाराने नुसती एकूण रक्कम सांगितली, तर दागिन्याचे वजन कळत नाही. त्या दिवसाचा भावही ठाऊक असावा लागतो. रेडिओ दीर्घिकांचा अभ्यास करणाऱ्यांना नेमकी हीच अडचण चाळीसएक वर्षे पडली होती. रक्कम समोर, पण ना भाव माहीत, ना वजन. तो इतिहास वाचकांना सांगावासा वाटतो, कारण त्यात आपल्याकडची माणसे आणि गावेही भेटतात.

1953 साली इंग्लंडमधील जोड्रेल बँक येथे जेनिसन आणि मृणालकुमार दासगुप्ता या दोघांनी हंस तारकासमूहातला ‘सिग्नस ए’ हा स्रोत बारकाईने मोजला. एका ठिपक्याऐवजी दोन निघाले. दीर्घिका होती त्यांच्या मधोमध. रेडिओ लहरी येत होत्या त्या तिच्या दोन्ही अंगांना दूरवर पसरलेल्या फुगवट्यांतून. इंग्रजीत त्यांना ‘लोब’ म्हणतात. दासगुप्ता बंगालचे. आपल्या शाळकरी पुस्तकांत त्यांचे नाव मला कधी दिसले नाही, हे खटकते.

प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळतात, तेव्हा रेडिओ लहरी बाहेर पडतात. पण इलेक्ट्रॉन थोडे आणि क्षेत्र प्रबळ, किंवा इलेक्ट्रॉन पुष्कळ आणि क्षेत्र क्षीण, तरी तेज तेवढेच दिसते! 1950 च्या दशकात जेफ्री बर्बिज यांनी निदान कमीत कमी किती ऊर्जा लागेल याचा हिशोब मांडला. मोठ्या स्रोतांसाठी उत्तर आले सुमारे शंभर कोटी ताऱ्यांच्या महास्फोटांएवढे. पुढे 1974 च्या सुमारास शॉयर, ब्लॅंडफर्ड आणि रीस यांनी मांडले की ही ऊर्जा दीर्घिकेच्या गाभ्यातून निघालेल्या दोन झोतांतून फुगवट्यांपर्यंत पोचते. हिशोबामागचे गृहीतक मात्र तसेच राहिले, की इलेक्ट्रॉन आणि क्षेत्र यांच्यात ऊर्जेची वाटणी जवळपास निम्मीनिम्मी आहे. ते चुकले तर सगळाच हिशोब कोलमडणार होता.

सुटका झाली क्ष-किरणांमुळे. 1965 मध्ये कळले की अवघे विश्व 2.7 केल्विन तापमानाच्या मंद प्रारणाने भरलेले आहे. लगेच 1966 मध्ये फेल्टन आणि मॉरिसन यांनी दाखवले की वेगवान इलेक्ट्रॉनची धडक बसली की या प्रारणातला कण क्ष-किरण होऊन उसळतो. या प्रारणाची घनता माहीत आहे, म्हणजे इथे भाव दुकानाच्या पाटीवरच लिहिलेला. फुगवट्यातले क्ष-किरण मोजा, इलेक्ट्रॉनांचे वजन मिळते. मग रेडिओच्या रकमेवरून चुंबकीय क्षेत्र काढता येते.

पण क्ष-किरण हवेत अडतात, त्यासाठी उपग्रहच हवा. 1995 मध्ये जपानच्या ‘आस्का’ आणि जर्मनीच्या ‘रोसॅट’ने ‘फोर्नॅक्स ए’च्या फुगवट्यांत हे क्ष-किरण टिपले. 2005 मध्ये 33 स्रोतांची पाहणी प्रसिद्ध झाली. जिथे क्ष-किरण सापडले, तिथे क्षेत्र जुन्या गृहीतकाच्या बहुधा 0.3 ते 1.3 पट निघाले. म्हणजे बर्बिजांचा आकडा फारसा हुकला नव्हता.

आता खोडद. क्ष-किरण उसळवणारे इलेक्ट्रॉन फुगवट्यातल्या क्षीण क्षेत्रात रेडिओ सोडतात ते मोठ्या, काही मीटर लांबीच्या लहरींवर. त्या बाजूचे आकाश ऐकण्यासाठीच जुन्नर तालुक्यातील जीएमआरटी ही दुर्बीण उभी राहिली. तिचे शिल्पकार गोविंद स्वरूप. ऑस्ट्रेलियात मोडीत निघणाऱ्या 32 लहान तबकड्या त्यांनी मागून घेतल्या आणि 1965 मध्ये कल्याणला उभ्या केल्या. 1970 मध्ये उटीची दुर्बीण झाली, डोंगराच्या उतारावर 530 मीटर लांब. मग खोडद : 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, सुमारे 25 किलोमीटर परिसरात पसरलेल्या, पत्र्याऐवजी तारेच्या जाळीच्या. वाऱ्याला वाट मिळते, वजन घटते, खर्चही. माझ्या मते हा काटकसरीपणाच तिचा खरा पराक्रम. सुटीत नारायणगावावरून जाणाऱ्यांनी वाट वाकडी करून त्या जरूर पाहाव्यात. स्वरूप 7 सप्टेंबर 2020 रोजी पुण्यात वारले.

फुगवट्यांचे कोडे असे बरेचसे सुटले. झोतांचे मात्र अधिकच गुंतले. 23 जुलै 1999 रोजी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची ‘चंद्रा’ वेधशाळा अवकाशात गेली. ऑगस्टमध्ये ती नीट जुळवण्यासाठी एका दूरच्या क्वेसारकडे वळवली, तर ठिपक्याला चिकटून किमान 2 लाख प्रकाशवर्षे लांबीचा क्ष-किरणांचा झोत निघाला. क्वेसारचे नाव पीकेएस 0637-752. झोत जवळपास आपल्याच दिशेने भरधाव येत असेल, तर फुगवट्यांचेच सूत्र इथेही लागू पडते असे अनेकांनी मांडले. पण मग गॅमा किरणही दिसायला हवेत. 2008 मध्ये गेलेल्या ‘फर्मी’ उपग्रहाला अपेक्षेएवढे गॅमा किरण मिळाले नाहीत. 3सी 273 च्या झोतासाठी 2014 मध्ये आणि या झोतासाठी 2015 मध्ये तसे प्रसिद्ध झाले.

उरते दुसरी शक्यता : तिथले क्ष-किरण इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळूनच सोडतात. त्यासाठी ते इतके ऊर्जावान हवेत की झोताच्या लांबीच्या मानाने फार थोडे अंतर जाताच त्यांची ऊर्जा संपते. म्हणजे वाटेत जागोजागी कुठेतरी त्यांना नव्याने वेग मिळत असला पाहिजे. तो नेमका कसा मिळतो, यावर अजून एकमत नाही.