कापसाची वाट आणि माणसाची कडी

कारखाना म्हणजे केवळ यंत्रे नव्हेत. कच्च्या मालापासून गिऱ्हाइकापर्यंतची ती एक साखळी असते. आपल्या हिंगणीच्या शिवारातला कापूस तिची पहिली कडी होय.

१८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या मुलखाकडे वळली. तेव्हा माल बैलगाड्यांनी जाई. १८६७ साली वर्ध्यावरून नागपुरास रेल्वे पोचली व वाट सुकर झाली. तरी कापूस मुंबईस जावा आणि कापड परत इकडे यावे, हा हेलपाटा उरलाच. जमशेटजी टाटांनी तो ओळखला. १ जानेवारी १८७७ रोजी त्यांची एम्प्रेस मिल सुरू झाली, ती बंदरापाशी नव्हे, कापसापाशी, नागपुरात.

माल दाराशी आला, पण मजूर गैरहजर राहिला की चात्या थांबत. मग हजेरीची बक्षिसे आली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतन आले, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई आली. यात दया किती होती, या वादात आम्ही पडत नाही. माणसाची कडी सांभाळल्यावाचून साखळी चालत नाही, हा हिशेब त्यात होता.

तोच हिशेब शेतापर्यंत मात्र पोचला नाही. कापूस वेचणारी बाई आजही किलोमागे मजुरी घेते. साखळी तिच्यापासूनच सुरू होते, हे आम्ही विसरता कामा नये.