बालसैनिक : श्रीलंकेतील तामीळ बंडखोर सेनेतील बालपण

सशस्त्र दलाने वा गटाने दाखल करून घेतलेली १८ वर्षांखालील व्यक्ती म्हणजे बालसैनिक होय. तिच्या हाती बंदूक असो, स्वयंपाकाचे भांडे असो वा निरोपाची चिठ्ठी. या सर्वांना ही व्याख्या लागू पडते.

श्रीलंकेत स्वतंत्र तामीळ राज्यासाठी १९७६ साली लिबरेशन टायगर्स ऑफ तामीळ ईलम (लिट्टे) या संघटनेची स्थापना झाली. जुलै १९८३ च्या तामीळविरोधी दंगलींनंतर अनेक तरुण आपण होऊन तिच्यात सामील झाले. पुढे युद्ध लांबले, माणसे कमी पडू लागली आणि संघटनेची दृष्टी मुलांकडे वळली. ‘प्रत्येक घराने एक मूल द्यावे’ अशी मागणी होऊ लागली. नकार देणाऱ्या कुटुंबांना धमक्या येत. शाळेच्या वाटेवरून वा देवळाच्या उत्सवातूनही मुले नेली जात.

छावणीत मुलाला नवे नाव मिळे. कवायत, शस्त्रांचा सराव, पहारा यांत दिवस सरे. मद्य व धूम्रपान यांस सक्त मनाई असे. कुटुंबाशी संपर्क तुटे. पळून जाताना सापडलेल्यास इतरांदेखत मारहाण होई. लढवय्ये जिवंत पकडले जाऊ नयेत म्हणून गळ्यात सायनाइडची कुपी बाळगीत. युद्धाच्या अखेरच्या काळात सक्तीने नेलेल्या मुलींचे केस कापले जात; पळाल्यास त्या ओळखू याव्यात, हा हेतू.

१८ वर्षांखालील मुलांना लढाईत उतरविणार नाही, असे आश्वासन लिट्टेने १९९८ साली संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीस दिले होते. तरीही २००३ ते २००८ या काळात युनिसेफने बालभरतीच्या ६,००० हून अधिक घटना नोंदविल्या. २००४ साली फुटून निघालेल्या करुणा गटानेही पुढे मुलांची भरती केली.

काही मुले स्वेच्छेने गेली, हे खरे. परंतु घर उद्ध्वस्त झालेल्या, आप्त गमावलेल्या वा उपाशी मुलाच्या होकारास संमती कसे म्हणावे? म्हणूनच २००० सालच्या आंतरराष्ट्रीय करारपत्राने सशस्त्र गटांना १८ वर्षांखालील कोणाचीही भरती निषिद्ध ठरविली. मग ती ऐच्छिक का असेना.

मे २००९ मध्ये युद्ध संपले. त्यानंतर ५९४ बालसैनिकांना शासकीय पुनर्वसन केंद्रांतून घरी पाठविण्यात आले. ती मुले आज प्रौढ झाली आहेत. न परतलेल्यांचे आईवडील मात्र अजूनही त्यांचा शोध घेत आहेत.