दोन चटयांची खोली

वैशाली म्हटलं की आपल्याला भगवान महावीर आठवतात. त्याच वैशालीतल्या विमलकीर्ती नावाच्या एका गृहस्थाची कथा बौद्ध ग्रंथांत आहे. तो आजारी पडला, तेव्हा मंजुश्री मोठा परिवार घेऊन त्याची विचारपूस करायला आले. विमलकीर्तीने आधीच सगळं सामान काढून खोलीत फक्त बिछाना ठेवला होता. त्या रिकाम्या खोलीत म्हणे 32,000 आसनं मावली! कुमारजीवाने 406 साली हा ग्रंथ चिनी भाषेत आणला. पुढे जपानच्या झेन मठांत महंतांच्या दहा फूट लांब-रुंद खोलीला या कथेवरून नाव पडलं आणि चहाच्या झोपडीचंही तेच माप ठरलं: साडेचार चटया.

साकाई बंदरातल्या व्यापारी घरात 1522 साली जन्मलेल्या सेन नो रिक्यूने तेही कमी केलं. क्योटोजवळ यामाझाकीला त्याची ‘ताई-आन’ ही झोपडी आजही उभी आहे. ती 1582 च्या सुमाराची. बसायला दोनच चटया, म्हणजे जेमतेम सहा फूट बाय सहा फूट. भिंती आपल्या कुडासारख्या, बांबूच्या जाळीवर पेंढा घातलेली माती लिंपलेल्या. खिडकी हवी तिथे लिंपायचंच नाही, जाळी उघडी ठेवायची. दार अडीच फुटांचं. सरदार असला तरी तलवार बाहेर ठेवून, वाकून, गुडघ्यांवर आत सरकायचं.

रिक्यूचा धनी हिदेयोशी. त्याने 1586 साली सोन्याने मढवलेली चहाची खोली सम्राटाच्या वाड्यात नेऊन मांडली. गंमत म्हणजे तीही तीनच चटयांची! म्हणजे खोली लहान केली की साधेपणा आपोआप येतो, असं नाही. 1591 मध्ये याच हिदेयोशीच्या हुकमाने रिक्यूला स्वतःचा प्राण द्यावा लागला.

आपलं पाचवं अणुव्रत परिग्रह-परिमाणाचं. श्रावक-श्राविकेने संसार सोडायचा नाही, पण किती ठेवायचं ते माप आपणच घालून घ्यायचं. त्या यादीत सोनं-चांदी नंतर येतं. पहिली जोडी क्षेत्र-वास्तू, म्हणजे जमीन आणि घर. चातुर्मासात आपण हिरव्या भाज्यांची मर्यादा घेतो, घराची घेत नाही. आमच्या पलासियात घर बांधायला काढलं की पहिला प्रश्न असतो, हॉल केवढा? नकाशा पुरुषमंडळी ठरवतात. ती जागा भरायची, झाडायची, पुसायची ती बाईने. म्हणून नकाशा टेबलावर असतानाच आपण विचारायला हवं: एवढं कशाला?