दात मोजायचे की माणसाला विचारायचं?

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे मोजमापाचा इतिहास, आणि तोही दातांच्या मोजमापाचा. विषय लहान वाटेल. पण आजार मोजायचा म्हणजे नेमकं काय मोजायचं, हा फार मोठा प्रश्न त्यात दडलेला आहे. या प्रश्नाशी आपल्या सोलापूर जिल्ह्याचा, बार्शीचा, जवळचा संबंध आहे. तिथपर्यंत आपण टप्प्याटप्प्याने जाऊ.

सुरुवात 1938 पासून करू. अमेरिकेत हेन्री क्लाइन आणि कॅरोल पामर यांनी शाळकरी मुलांचे दात तपासताना एक सोपी पद्धत रूढ केली. किडलेले दात किती, किडीमुळे गेलेले किती, भरून घेतलेले किती, या तिन्हींची बेरीज करायची. हाच डीएमएफ निर्देशांक. तो जगभर पसरला आणि आजही वापरात आहे, कारण त्यामुळे दोन गावांची, दोन देशांची, दोन पिढ्यांची तुलना करता येते. पण त्यात एक गोम आहे. ठणक्याने ज्याची रात्रभर झोप उडाली त्याचा किडका दात एक, आणि ज्याला किडीचा पत्ताच नाही त्याचाही एकच. तोंडाचा हिशेब झाला, माणसाचा राहून गेला.

महाराष्ट्रातही सुरुवातीची मोजणी डॉक्टरांच्या नजरेनेच झाली, आणि ती फार मोलाची होती. 1953 मध्ये मुंबईच्या एस. जी. जोशी यांनी तोंडाच्या आतलं अस्तर ताठर होत जाण्याच्या आजाराचं वर्णन केलं. सुपारीशी त्याचा असलेला संबंध पुढे पक्का झाला. 1972 मध्ये फली मेहता, डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या 1,01,761 गावकऱ्यांच्या तोंडांची तपासणी प्रसिद्ध केली. एक लाखाहून जास्त तोंडं, विचार करा! तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री आपल्याकडे बायका दातांना लावतात. अशा सवयी आणि तोंडातले चट्टे यांचं नातं या कामातून आकड्यांनिशी समोर आलं.

आता तोंड आखडलेला एखादा रुग्ण डोळ्यांसमोर आणा. डॉक्टर पट्टी लावतात, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर भरतं वीस मिलिमीटर. आकडा अगदी बरोबर. पण वीस मिलिमीटर म्हणजे रोजच्या जगण्यात काय? घास लहान करावा लागतो. तिखट लागलं की तोंड पोळतं. जांभईसुद्धा पुरती देता येत नाही. पंगतीत बसायचा संकोच वाटतो. हे पट्टीवर दिसत नाही. ते विचारावं लागतं.

हा विचार 1976 मध्ये कोहेन आणि जागो यांनी स्पष्ट शब्दांत मांडला. दातांच्या आजाराचे सामाजिक परिणाम मोजणारी साधनं तयार करा, असा त्यांचा आग्रह होता. 1988 मध्ये डेव्हिड लॉकर यांनी आजारापासून वेदना, मग अडचण, मग माणसात मिसळण्यातला अडसर, अशी एक साखळी मांडली. त्या साखळीवर 1994 मध्ये ऑस्ट्रेलियात स्लेड आणि स्पेन्सर यांनी 49 प्रश्नांची यादी बांधली. ती बांधताना त्यांनी आधी 64 रुग्णांशी बोलून 535 विधानं गोळा केली होती, म्हणजे प्रश्न रुग्णांच्याच बोलण्यातून आले. 1997 मध्ये त्या यादीचं 14 प्रश्नांचं छोटं रूप आलं.

याच सुमारास थायलंडच्या खेड्यांत अदुल्यानोन आणि लंडनचे ऑब्री शेहॅम यांनी आणखी सुटसुटीत वाट धरली. खाणं, बोलणं, दात घासणं, झोप, हसणं, मनःस्थिती, काम आणि लोकांत मिसळणं, या आठ गोष्टींत दातांमुळे अडलं का, एवढंच विचारायचं. ज्या गावांत दातांचे आजार कमीच होते, तिथेही सुमारे 73 टक्के लोकांचं गेल्या सहा महिन्यांत यातलं काही ना काही अडलं होतं. डीएमएफच्या आकड्यात हा त्रास दिसलाच नसता.

आणि आता बार्शी. 1987 मध्ये इथे भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरात अशी नोंदणी रुग्णालयांच्या कागदपत्रांवरून होते. पण जो माणूस दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही, त्याचा कागद कुठून येणार? म्हणून बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, लक्षणं समजावून सांगितली आणि शंका आली की तपासणीला पाठवलं. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, या जागृतीबरोबर गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यात सापडू लागला. ही जीवनमानाची मोजणी नव्हती, हे खरं. पण एक गोष्ट बार्शीने दाखवून दिली. नीट विचारलं तर नुसता आकडा मिळत नाही, माणूस वेळेवर उपचारापर्यंत पोचतो.

मग सोलापुरात हे प्रश्न जसेच्या तसे विचारायचे का? अमेरिकेत 1990 मध्ये वृद्धांसाठी झालेल्या एका प्रश्नावलीत घट्ट मांस किंवा सफरचंद चावताना त्रास होतो का, असं विचारलं आहे. आपल्या आजीला हा प्रश्न काय कामाचा? तिला विचारायला हवं, कडक भाकरी मोडून खाता येते का, की आमटीत कुस्करून घ्यावी लागते? विडी कामगार बाईला ‘कामात अडथळा आला का’ एवढं विचारून भागणार नाही. तिची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. तेव्हा दाढ ठणकली त्या दिवशी विड्या किती कमी झाल्या, असं विचारा. दवाखान्यात जायचं तर तेवढी मजुरी बुडते, हेही त्याच उत्तरात येईल.

दुसरी अडचण याहून अवघड आहे. बाई म्हणते, ‘काय त्रास नाही बघा.’ दात दुखला की मिश्री लावायची, वय झालं की दात जायचेच, अशी समजूत घट्ट बसलेली असते. मग प्रश्नावलीत शून्य लिहिलं जातं, आणि त्या शून्याचा अर्थ सुख असा लावला जातो. म्हणून तोंड तपासणंही सोडता येत नाही. डॉक्टरचा आकडा आणि माणसाचं उत्तर शेजारी शेजारी ठेवायचं. दोन्ही जुळली नाहीत, तर तिथे थांबून पुन्हा विचारायचं.

कागदावर जे येतं त्याचीच योजना होते आणि त्यालाच पैसा मिळतो. ज्याचं दुखणं कागदावर आलंच नाही, तो रांगेतसुद्धा उभा राहत नाही. क्लाइन आणि पामर यांनी दात मोजायला शिकवलं. प्रश्न लोकांच्या बोलण्यातून घडवायचे, हे स्लेड आणि स्पेन्सर यांच्याकडून शिकता येतं, आणि ते घेऊन लोकांच्या दारात जायचं, हे बार्शीकडून. सोलापूरच्या बोलीत हे प्रश्न बांधण्याचं काम मात्र आपल्यालाच करायचं आहे. इथेच थांबतो.